थोरल्याकडे पाठ

“हसू नका. पाण्यात हसलात की गालाला घड्या पडतात, घड्या पडल्या की मास्क सैल होतो, आणि मास्क सैल झाला की डोळ्यांत खारं पाणी. तेव्हा जे काही हसायचं असेल ते इथे कोरड्यात हसून घ्या.”

मंडळी हसली. रोज इथेच हसतात. मावशीने हसणं ओसरेपर्यंत दम धरला आणि बाकाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नजर फिरवली. कोण घाबरलंय, कोण नुसताच तोरा मिरवतोय, कोणाची रात्रीची उतरलेली नाही, हे ती याच वेळी बघून ठेवायची. टोकाला एकजण खाली मान घालून शिशाच्या पट्ट्याचं बक्कल लावत होता. तो हसला नव्हता. बक्कल लागलं तशी त्याने मान वर केली.

मावशीला पुढचं वाक्य आठवेना.

हा चेहरा तिने एकदाच पाहिला होता, तोही आडवा. ओठ निळे, तोंडाला फेस. स्ट्रेचर उचलणारे ओरडत होते, सरका, सरका. ती सरकली होती. त्याला वाट करून दिली होती आणि परत पाण्याकडे तोंड करून उभी राहिली होती, कारण त्याच्यामागून अजून एक माणूस वर यायचा होता.

“वहिनी,” बोटीच्या चाकामागून दीर म्हणाला, “हवेचा काटा.”

“हं?”

“हसू नका झालं. आता हवेचा काटा. मी सांगू का? मला सगळं येतं, फक्त पोहता येत नाही.”

मंडळी परत हसली.

“हवेचा काटा,” मावशी म्हणाली. “डाव्या हाताशी लोंबतोय तो. लाल खुणेत शिरला की मला दाखवायचा. लाजायचं नाही. हवा संपली हे सांगायला लाजलेले लोक मला वर आल्यावर कधी भेटलेले नाहीत.”

या वेळी कमी लोक हसले.

*

“खुणा बघा. अंगठा आणि बोट जुळवून गोल: ठीक आहे. पंजा आडवा धरून हलवला: काहीतरी बिघडलंय. दोन बोटं स्वतःच्या डोळ्यांकडे: माझ्याकडे बघा. ही शेवटची खूण जो पाळेल, तो संध्याकाळी घरी फोन करेल.”

धक्क्यामागच्या खोलीत सून सिलिंडर भरत होती. मावशी आत आली तसं तिने यंत्र बंद केलं. एवढ्या आवाजानंतरची शांतता दोघींच्याही कानात वाजत राहिली.

“आई, तो आलाय.”

“बघितला.”

“नाव वाचलं आणि हातातलं झाकण पडलं माझ्या. कुणाबरोबर पाठवतायत त्याला?”

“माझ्याबरोबर. त्यानेच मागितलंय. सगळ्यात जुना गाइड द्या म्हणाला मालकाला.”

“तुम्ही कोण ते ठाऊक आहे त्याला?”

“कसं असेल? शुद्ध कुठे होती त्याला.”

सुनेने एका सिलिंडरवर तळवा ठेवला. “हा त्याचा. पूर्ण भरलाय.” मग म्हणाली, “मी भरलाय, म्हणून परत तपासून घ्या.”

मावशीने काटा लावून बघितला. पूर्ण होता. ती तपासत असताना सून बघत होती, आणि दोघींपैकी कुणालाच त्यात अपमान वाटला नाही.

“विचारणार?”

“विचारणार.”

“आणि मान वळवली होती म्हणाला तर?”

“तर वळवली होती.”

सुनेने हात पुसले, पुसलेले परत पुसले. “मला अजून तेच वाटतं आई. वळवली असली तर बरं. निदान बघितला तरी असेल त्याने.”

मावशीने सिलिंडर खांद्यावर घेतला आणि बाहेर पडली. याच एका वाक्यावरून दोघी मागे कितीतरी दिवस एका घरात राहून, एका ओट्याशी उभ्या राहून, एकमेकींशी बोलत नव्हत्या.

*

मान वळवण्याचं प्रकरण असं.

या किनाऱ्यापासून बोटीने थोडं आत गेलं की पाण्याखाली खडकाचं पठार लागतं. पठाराला कडा आहे. कड्यापुढे तळ नाही, नुसतं निळं. त्या निळ्यातून हंगामात थोरला येतो. जात शार्कची, अंग बसएवढं, पण स्वभाव गाईचा. तोंड उघडून पोहतो आणि पाण्यातले बारीक जीव गाळून खातो. माणसाकडे तो भिंतीकडे बघावं तसं बघतो, असं बघितलेले सांगतात.

मावशीने बघितलेला नाही.

हे ऐकून नवा माणूस चक्रावतो. जिने उभी हयात लोकांना थोरला दाखवण्यात घालवली, तिने तो बघितला नाही म्हणजे काय? पण ते तसंच आहे. थोरला कुणाला चावत नाही. थोरला माणसाला विसरायला लावतो. तो इतका सावकाश जातो की वाटतं, चार हात मारले की बरोबरीला पोचू. आणि जाताना तो थोडा थोडा खाली जात असतो. निळ्यात वर-खाली कळत नाही. माणूस आपण सरळ रस्त्याने चाललोय अशा समजुतीत खोल खोल जातो, हवा विसरतो, वेळ विसरतो, बायकोपोरं विसरतो. म्हणून इथल्या जुन्या गाइडांनी एक रीत घालून दिली: थोरला आला की गाइडने त्याच्याकडे पाठ करायची आणि पाहुण्याच्या तोंडाकडे बघायचं. पाहुणा थोरल्याला बघेल, तू पाहुण्याला बघ. मान वळवायची नाही. एकदाही नाही.

त्यामुळे मावशीला थोरला ठाऊक होता तो माणसांच्या तोंडांवरून. डोळे मोठे झाले, की दिसला. बुडबुडे थांबले, की जवळ आला. बुडबुडे परत सुरू झाले आणि माणूस उगाचच स्वतःच्या हातांकडे बघू लागला, की गेला. कधी मास्कच्या काचेत नखाएवढं काहीतरी सरकून जायचं, तेवढाच. काहीजण वर येऊन रडायचे. एक धिप्पाड गृहस्थ मावशीचा हात धरून नुसते “अहो... अहो...” म्हणत राहिले होते, पुढे काही नाही. ती मान डोलवायची. आपल्या पाठीमागे काहीतरी भलतंच मोठं घडत असतं, एवढं तिला कळून चुकलं होतं.

मुलगा तिचाच. शिकवलेलाही तिनेच. लहानपणी विचारायचा, आई, कसा दिसतो? ती म्हणायची, पाहुण्यांना विचार. मोठा झाला, स्वतः गाइड झाला, तेव्हा जेवताना म्हणाला होता, “आई, जगातल्या झाडून सगळ्या थोरल्यांनी तुझी पाठ पाहिलीय. तुला ते पाठीवरूनच ओळखतात.” मग दिराने त्यात भर घातली, की थोरला येतो तोच मुळी वहिनींची पाठ बघायला. खूप दिवस घरात हाच विनोद चालला.

मागच्याच्या मागच्या हंगामात थोरला आला, आणि एक पाहुणा त्याच्यामागे कड्यापलीकडे गेला. मुलगा त्याच्यामागे गेला. पाहुण्याची हवा संपली होती. मुलाने त्याला आपली दिली. त्या खोलीवर एका सिलिंडरवर दोघं, तेही एकजण घाबरून हपापल्यासारखा ओढणारा. मग जे काही उरलं होतं त्यातून त्याने पाहुण्याच्या जॅकेटमध्ये हवा भरली, त्याचा शिशाचा पट्टा सोडला आणि त्याला वर ढकलला. पाहुणा बुचासारखा वर आला.

चौकशी झाली. मालकाने लिहून दिलं, की गाइडची मान वळली असावी, त्याशिवाय पाहुणा एवढा लांब जाईल कसा. मालक वाईट माणूस नव्हता. त्याला धंदा चालू ठेवायचा होता, आणि मेलेल्या माणसाने चूक केली की जिवंत माणसांची कामं सोपी होतात.

गाइडांच्या खोलीत भिंतीला खुंट्या आहेत, प्रत्येकाची एक. त्यावर त्याचा रबरी सूट वाळत असतो. कामात गेलेल्याची खुंटी रिकामी ठेवतात. चुकीने गेलेल्याची नव्याला देतात. मुलाच्या खुंटीवर आता नव्या गाइडचा सूट टपटपत असतो. नवा बिचारा साधा. कुणाची खुंटी, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. रोज सकाळी मावशी आपला सूट काढते तेव्हा त्याच्या सुटाची ओली बाही तिच्या खांद्याला लागते.

वळवली की नाही वळवली. जगात हे सांगू शकेल असा एकच माणूस होता, आणि तो आता बोटीच्या टोकाला बसून बुटाची नाडी परत परत बांधत होता.

*

“थोरला आला तर ढकलाढकली करायची नाही. त्याला हात लावायचा नाही. त्याच्यामागे जायचं नाही. तो तुमच्यासाठी आलेला नाही. तो जेवायला आलाय.”

बोट निघाली. बाकीची मंडळी नव्या गाइडच्या वाट्याला होती. ती आपापसांत मोठ्याने बोलत होती. दिराचा एक डोळा पाण्यावर आणि दुसरा त्या माणसावर. तो कोण, हे दिरालाही एव्हाना कळलं होतं. त्याला राग आला की तो जास्त विनोद करतो.

“काय साहेब, पहिल्यांदाच?”

“नाही. एकदा आलो होतो.”

“दिसला होता का?”

“हो.”

“मग परत कशाला? तोच आहे अजून, बदललेला नाही. आम्हीच जरा कमी झालोय.”

“भाऊजी,” मावशी म्हणाली.

“मी काय म्हटलं? म्हातारे झालोय म्हटलं.”

त्या माणसाने मावशीकडे बघितलं. “डॉक्टर वर्षभर नको म्हणत होते. आता म्हणाले, फार खोल नाही जायचं. आपण फार खोल नाही ना जाणार?”

“कड्यापर्यंत. पुढे नाही.”

“पुढे नाही,” तो म्हणाला, आणि नाडी सोडून परत बांधली.

मावशीला त्याचा राग येत नव्हता, आणि याचंच तिला नवल वाटत होतं. इतके दिवस तिने या माणसाला मनात एक चेहरा देऊन ठेवला होता. माजलेला, मजा मारायला आलेला, दुसऱ्याच्या जिवावर परत घरी गेलेला. हा तर नुसताच कुणीतरी होता. नखं कुरतडलेली. कानामागे साबण नीट न धुतलेला. असा माणूस कुणाचाही कुणीही असू शकतो.

विचारायचं ते वर आल्यावर, असं तिने ठरवलं. पाण्यात उतरायच्या आधी पाहुण्याला अस्वस्थ करायचं नाही, हीही एक रीत आहे.

*

खाली बोलणं नाही.

दोर. दोराला धरून ती, तिच्या वर तो. पठार वर आलं, करडं, त्यावर छोट्या माशांची कसलीशी घाई. कडा. तिने त्याला कड्याच्या ऐन धारेवर थांबवलं, खडकाला पाठ लावून. स्वतः त्याच्यासमोर झाली, निळ्याकडे पाठ करून.

ठीक आहे?

ठीक आहे.

हवा?

त्याने काटा दाखवला. भरपूर होती.

वाट बघणं हे या कामातलं सगळ्यात मोठं काम. ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. बुडबुडे. बुडबुडे. बुडबुडे. काचेमागचे डोळे तपकिरी होते. याच डोळ्यांत मुलाने शेवटचं पाहिलं असणार, हे तिच्या तेव्हा लक्षात आलं. त्याआधी ती फक्त त्याला काय दिसलं याचाच विचार करत आली होती.

छोटे मासे एकाएकी बाजूला झाले.

बुडबुडे थांबले.

थोरला कसा होता, किती मोठा, एकटा की बरोबर कुणी, हे या गोष्टीत कळणार नाही. मावशीची पाठ होती. पाठीला कळलं ते एवढंच: पाणी जरा गार झालं. मग पाण्याचा दाब आला, मोठं दार कुणीतरी हळूच उघडावं तसा. उजेड गेला. समोरच्या खडकावर सावली चढली आणि चढतच राहिली.

आणि त्या माणसाच्या मागचा खडक वर सरकू लागला.

खडक सरकत नसतो. तो खाली चालला होता. छातीतली हवा सोडून नवी घ्यायला विसरला होता, आणि रिकाम्या छातीचा माणूस दगडासारखा जातो, आवाज न करता. हात पसरलेले. पाय हलत नव्हते. कड्याच्या धारेवरून त्याची टाच घसरली, मग गुडघे धारेखाली गेले, मग कंबर.

पायातली फिन एकदा मारायची आणि पट्टा धरायचा. हे तिने झोपेतही केलं असतं.

तिने केलं नाही.

ती बघत राहिली. छाती गेली. खांदे गेले. किती वेळ, ते कुणाला माहीत. पाण्याखाली अशा वेळेला माप नसतं. एवढंच, की तेवढ्या वेळात तिला स्पष्ट दिसलं: हा जातोय तसाच जाऊ दिला तर वर जाऊन दोन वाक्यं पुरतील. पाहुणा थोरल्यामागे गेला. मी नाही म्हटलं होतं.

पण तो थोरल्याकडे बघत नव्हता. मान वर करून तो तिच्याकडे बघत होता. काहीही न मागता. आपण चाललोय हे माहीत असल्यासारखा, आणि हेच व्हायचं होतं असं वाटत असल्यासारखा.

हात गेला. तिने पाठवला नव्हता. तो आपला आपण गेला, त्याच्या सिलिंडरच्या पट्ट्यात अडकला आणि ओढू लागला. तोंडासमोर आणून तिने दोन बोटं डोळ्यांकडे नेली. माझ्याकडे बघा. छातीवर तळवा, बाहेर, आत. श्वास. घे. घे मेल्या.

बुडबुडे आले. आधी एक, बावळटासारखा, मग पुष्कळ.

सावली खडकावरून उतरली. उजेड आला. शेवटी तिच्या कानाजवळून छोट्या पट्टेरी माशांची एक रांग गेली, थोरल्याच्या पोटाखालून चालणारी, मागे राहिलेली, पळत गाठणारी.

त्या दोघांपैकी कुणीही त्याला पाहिलं नाही.

*

“वर येताना मध्ये थांबायचं. दोरावर पिवळं फडकं बांधलंय, तिथे. अंगात मुरलेली हवा निघून जायला वेळ द्यावा लागतो. कंटाळा येतो. गाणी म्हणा मनात. पण थांबायचं. कितीही घाई असली तरी.”

पिवळ्या फडक्यापाशी दोघं दोराला धरून थांबले.

त्या वेळी मुलाला शोधायला जे उतरले त्यात तीही होती. नको म्हणत होते सगळे. पण कड्याखाली कुठे टप्पा आहे, कुठे कपार, हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं? तिलाच सापडला. कुशीवर होता, लहानपणी झोपायचा तसा, एक हात डोक्याखाली. तिने त्याला काखेत घेतलं आणि वर निघाली.

आणि या फडक्यापाशी ती थांबली होती.

त्याला थांबायची गरज नव्हती. तिला होती. वर बोट दिसत होती, बोटीच्या काठावरून वाकलेली दिराची सावली दिसत होती. पण रीत ती रीत. ती एका हाताने दोराला आणि दुसऱ्या हाताने त्याला धरून उभी राहिली. पाण्यात माणूस जड लागत नाही. त्याचे केस तिच्या तोंडावर येत होते. सारखे बाजूला करावे लागत होते. पूर्ण वेळ थांबली, जराही कमी नाही. तिच्या आयुष्यात त्याला एवढा वेळ नुसतं धरून ठेवायला मिळालं ते तान्हा होता तेव्हा आणि त्या दिवशी.

हे तिने सुनेलाही सांगितलेलं नाही.

आज त्याच दोराला तो माणूस धरून होता. थंडीने थरथरत होता. तिने खूण केली: ठीक आहे? त्याने थोडा वेळ विचार केला, आणि पंजा आडवा धरून हलवला.

*

डोकी पाण्याबाहेर आली. बोट नव्या गाइडची मंडळी उचलायला लांब गेली होती. दोघं लाटेवर वरखाली होत राहिले. त्याने तोंडातली नळी काढली आणि खोकला.

“तुम्ही उशीर केलात,” तो म्हणाला.

“हो.”

“मला वाटलं, सोडताय.”

“मलाही तसंच वाटलं.”

लाट आली, गेली.

“तुम्हाला एक विचारायचंय,” मावशी म्हणाली. “मागच्या वेळी तुम्ही उतरलात. थोरला आला. तेव्हा, तुम्ही त्याच्यामागे जायच्या आधी, गाइडने मान वळवली होती का?”

“कुठल्या...” तो म्हणाला आणि थांबला. “तुम्ही त्यांच्या कोण?”

“आई.”

पुढची लाट त्याच्या उघड्या तोंडात गेली. तो गुदमरला. मावशीने सवयीने त्याच्या जॅकेटमध्ये हवा भरली, तो वर आला.

“मी... मावशी, मी यायला हवं होतं. तुमच्या घरी. मला धीर—”

“ते नंतर. वळवली का नाही, तेवढं सांगा.”

“नाही.”

“नीट आठवून.”

“आठवायला काय लागतं? मला दुसरं काही आठवतच नाही.” तो भराभर बोलू लागला. “ते असे माझ्यासमोर, आणि त्यांच्यामागे तो. एवढा... आणि हा माणूस बघतच नाही! मला वाटलं, यांना कळलेलं नाही. मी बोट दाखवलं. मागे बघा, मागे बघा. सारखं दाखवत होतो, वेड्यासारखा. ते हसले.”

“हसला?”

“मास्कमधून कळतं ना.”

“पाणी शिरलं असेल मास्कात.”

“शिरलं. त्यांनी नाकाने फुंकून काढलं, आणि परत माझ्याकडे बघायला लागले. नाहीच वळले. मग मीच... मी त्यांना ओलांडून गेलो. खालीसुद्धा, शेवटी, मला ढकललं तेव्हा, माझ्याकडेच बघत होते. तो तिथेच होता अजून, त्यांच्या पाठीशी, पण ते...” त्याने तोंडावरचं पाणी निपटलं. “आज तुम्ही तशाच उभ्या होतात. बघायची तऱ्हासुद्धा तीच.”

“हे तुम्ही चौकशीत का नाही सांगितलंत?”

“मला कुणी विचारलंच नाही. दवाखान्यात एकजण आला, सही घेऊन गेला. मला वाटलं, तुम्हा लोकांना माहीतच असणार.”

हेच हवं होतं तिला. याचसाठी ती रोज त्या ओल्या बाहीशेजारून सूट काढत होती. आता मालकाला सांगता येईल, खुंटी रिकामी होईल, गावात मान वर करून चालता येईल. तिने शिकवलेलं सगळं मुलाने पाळलं होतं. शब्द न् शब्द.

तिने ते सगळं एकेक करून मनात धरून बघितलं, आणि कशालाच वजन लागेना.

पाठीमागे एवढं थोरलं काहीतरी, समोर बोट दाखवून वळ म्हणणारा माणूस, आणि तो हसला. विनोद आठवून हसला असेल. मास्कातलं पाणी काढलं. आणि परत या कुरतडलेल्या नखांच्या माणसाकडे बघत राहिला, कारण आईने सांगितलं होतं.

बघायचं होतंस रे. एवढंसं. मी रागावले नसते.

“मालकाला सांगा हे,” ती मोठ्याने म्हणाली. “आजच.”

“सांगतो. लिहूनही देतो.”

“आणि सिलिंडरच्या खोलीत एक मुलगी आहे. ती विचारेल तुम्हाला. तिला...” बोट जवळ येत होती, दीर हात करत होता. “तिला नका सांगू काही. तिचं मी बघते.”

काय बघणार होती, ते तिलाही माहीत नव्हतं.

*

“बोटीत चढल्यावर सगळ्यांनी एका बाजूला गर्दी करायची नाही. हे मी सांगते, आणि तुम्ही सगळे एका बाजूलाच गर्दी करता. ठीक आहे. आमची सोय आम्ही केलेली आहे.”

सोय म्हणजे हीच, की मंडळी डाव्या बाजूला धावली की मावशीने उजव्या काठावर जाऊन बसायचं, आणि मुलाने तिच्या शेजारी. दोघांचं वजन पडलं की बोट सावरायची. मुलगा गेल्यापासून ती एकटीच बसायची.

तोंडं पुसत, ओरडत, एकमेकांना मिठ्या मारत मंडळी बोटीत आली होती. सगळ्यांना दिसला होता. दिराने मावशीला वर ओढून घेतलं आणि तिच्या तोंडाकडे बघितलं. टॉवेल दिला.

“आला! वर आला!” कुणीतरी किंचाळलं.

सगळे डाव्या काठाकडे धावले. बोट कलली. डब्यांची झाकणं घरंगळली, एक बूट पाण्याकडे सरकत गेला. पाण्याचा मोठा, सावकाश, वरून खाली ओतल्यासारखा आवाज झाला. कुणीतरी रडू लागलं. कुणीतरी देवाचं नाव घेतलं.

“वहिनी,” दीर चाक धरून म्हणाला. या वेळी तो विनोद करत नव्हता. “अगदी काठाला लागलाय. आता तुम्ही कामावर नाही. बघा की एकदा.”

मावशीने टॉवेल खांद्यावर टाकला आणि कललेल्या बोटीत तोल सांभाळत उजव्या काठाकडे चढली. बसली. समोर माणसांच्या पाठी होत्या, ओल्या, काळ्या, एकमेकींना रेटणाऱ्या.

त्या गर्दीतून एकजण मागे वळला. धरत धरत वर आला आणि तिच्यापासून हातभर अंतरावर, रिकाम्या जागेत बसला. दोन्ही हात मांड्यांखाली घेऊन, शाळेतल्यासारखा.

बोट जराशी सावरली. पूर्ण नाही.

मावशीने बघितलं. “अजून काठाला सरका,” ती म्हणाली. “तो तुमच्यापेक्षा भारी होता.”

तो सरकला. बोट डावीकडे झुकलेलीच राहिली.